कळतं, पण वळत का नाही?

प्रत्येक सेमच्या पहिल्या आठवड्यात जिमखान्यातला नजारा बघण्यासारखा असतो. ट्रेडमिलसाठी रांग, नवे कोरे शूज, पाण्याच्या नव्या बाटल्या आणि "या सेमला पाच किलो नक्की" अशा घोषणा! तिसऱ्या आठवड्यात क्विझ सुरू होतात आणि गर्दी ओसरते. मिडसेम संपेपर्यंत तिथे आधीपासून येणारेच तेवढे उरतात. १ जानेवारीचं पण असंच. 'रात्री एकच्या आत झोपणार', 'नाश्ता चुकवणार नाही', 'कोल्ड्रिंक बंद', 'सुट्टा बंद' असे संकल्प कपाटाच्या दारावर चिकटवले जातात. कागद होळीपर्यंत टिकतो, संकल्प जेमतेम संक्रांतीपर्यंत!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी म्हणी मला शाळेपेक्षा आजीकडूनच जास्त मिळाल्या. सवयींबद्दल तिच्याकडे दोन ठेवणीतली वाक्यं आहेत. एक, 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.' दुसरं, 'कळतं पण वळत नाही.' पहिलं वाक्य म्हणजे सरळ निकाल आहे, त्यावर अपील नाही. दुसरं मात्र मला इंजिनीयरिंगच्या प्रॉब्लेमसारखं वाटतं. इनपुट बरोबर आहे, तरी आउटपुट येत नाही. म्हणजे मधे कुठेतरी काहीतरी अडतंय. ते कुठे अडतं आणि कसं सोडवायचं, हे समजून घ्यायचा हा प्रयत्न आहे. लेख आहे हॉस्टेलवाल्यांसाठी, पण मेसमधले दादा, रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले काका, ऑफिसमधल्या मावशी आणि सर-मॅडम, तुम्हालाही तो लागू आहे बरं का!

माहिती कमी पडते का?

सवय सुटली नाही की आपण दोन निष्कर्ष काढतो. एकतर 'याला धोका समजलेला नाही', नाहीतर 'याच्यात विलपॉवर नाही'. आधी पहिला निष्कर्ष तपासू.

डॉ. अभय बंग हे नाव महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. डॉक्टर, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, आणि १९८६ पासून डॉ. राणी बंग यांच्याबरोबर गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचं काम. आरोग्य हाच ज्यांचा विषय, अशा या माणसाला १९९५ साली, वयाच्या ४४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर आहार, चालणं, ध्यान, कामाचा ताण अशी आयुष्याची सगळी मांडणी त्यांनी तपासली आणि बदलली. तो अनुभव 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात आहे. २००० साली आलेलं हे पुस्तक आजही अनेक मराठी घरांत सापडेल. आमच्या घरी ते टीव्हीच्या कपाटात असतं आणि येणारे-जाणारे काका लोक ते हमखास चाळतात. (आणि चाळता चाळता दुसरी भजी उचलतात!)

मुद्दा असा, की डॉक्टरांनासुद्धा नुसतं माहीत असणं पुरत नाही, तर सेकंड इयरच्या मुलामुलींना ते कुठून पुरणार? सिगरेटच्या पाकिटावर केवढं भयानक चित्र असतं. ते चित्र बघतच काडी पेटवली जाते ना!

याचा एक छान प्रयोग ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवरच झाला. २००२ साली त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने फक्त आपण किती व्यायाम केला याची नोंद ठेवायची. दुसऱ्या गटाला शिवाय व्यायाम आणि हृदयविकार यांची माहिती वाचायला दिली, म्हणजे आपल्या भाषेत 'मोटिव्हेशन'. तिसऱ्या गटाने ती माहिती वाचलीच, पण वर एक वाक्य लिहून दिलं : पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. आठवड्यानंतर पाहिलं तर पहिल्या गटात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला होता, दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी आणि तिसऱ्यात ९१ टक्क्यांनी! नुसत्या लेक्चरने काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो वेळ आणि जागा ठरवल्यामुळे.

डोक्यातला शॉर्टकट

असं का होतं? त्यासाठी सवय म्हणजे नक्की काय ते बघावं लागेल.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबिएल या संशोधिकेने उंदरांवर प्रयोग केले. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा चक्रव्यूह आणि एका टोकाला चॉकलेट. सुरुवातीला उंदीर हुंगत, थांबत, चुकत जायचा. त्या वेळी त्याच्या मेंदूच्या आतल्या भागातल्या, म्हणजे बेसल गँग्लियातल्या पेशी वाटभर काम करताना दिसायच्या. रोज तीच वाट झाल्यावर चित्र पालटलं. आता त्या पेशी फक्त सुरुवातीला आणि शेवटी जोरात काम करायच्या, मधे शांत! म्हणजे मेंदूने सगळ्या वाटेचं एक गाठोडं बांधून टाकलं. आपण एखादं फंक्शन एकदा लिहून ठेवतो आणि मग नुसतं नावाने बोलावतो, अगदी तसं.

ही खरं तर मेंदूची सोय आहे. रूमला कुलूप लावणं, सायकल चालवणं, दात घासणं, या सगळ्याचा रोज नव्याने विचार करायला लागला तर लेक्चरला पोचणार कधी? प्रॉब्लेम एवढाच, की मेंदू गाठोडं बांधताना चांगलं-वाईट बघत नाही. एक खूण मिळाली, ठरलेली कृती झाली आणि शेवटी काहीतरी बक्षीस मिळालं, की त्याचं काम झालं. खूण, कृती, बक्षीस. सवयीचे हे तीन भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

त्याच प्रयोगात पुढे एक गंमत झाली. चॉकलेट बंद केल्यावर उंदरांची सवय सुटत गेली आणि मेंदूतला तो नमुनाही विरत गेला. पण चॉकलेट परत आलं तसा जुना नमुना जसाच्या तसा हजर! थोडक्यात काय, तर सवय डिलीट होत नाही, फक्त तिला कोणी बोलावत नाही. सहा महिने सोडलेली सिगरेट फेस्टच्या रात्री एका झुरक्याने परत कशी येते, याचं उत्तर यात आहे. म्हणून खरं काम असतं ते, बोलावणं जाणार नाही अशी व्यवस्था करण्याचं.

हे बोलावणं किती जोरदार असतं? २०११ साली अमेरिकेत काही लोकांना सिनेमागृहात पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना तब्बल आठवडाभर शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळेसुद्धा ताज्याइतकेच खाल्ले! तेच शिळे पॉपकॉर्न मीटिंगच्या खोलीत दिल्यावर मात्र कमी खाल्ले गेले. म्हणजे ते चवीसाठी खात नव्हते, खुर्ची आणि अंधार त्यांना खायला लावत होते. आता रात्री दीड वाजता नाइट कँटीनला आपण जे चरतो ते आठवून बघा. भूक असते, की विंगमधून "चल ना खाली" अशी हाक आलेली असते?

तलावातली जलपर्णी

आता दुसरा निष्कर्ष, विलपॉवरचा. त्यासाठी लांब जायला नको, आपल्या पवई तलावाकडे बघा. १८९१ साली बांधलेला हा तलाव. पावसाळ्यानंतर कडेने चालत गेलात तर पाण्यावर हिरवीगार जलपर्णी दिसेल. लांबून लॉनसारखी सुंदर वाटते, पण ती पाण्याचा गळा घोटते. महापालिका मशिनं लावून ती उपसते, ढीगच्या ढीग बाहेर काढते. काही दिवस पाणी स्वच्छ दिसतं आणि मग जलपर्णी परत येते. का? कारण तलावात येणाऱ्या सांडपाण्यातून तिला भरपूर खाऊ मिळत राहतो. पोषक पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. उपसायला पाहिजेच, पण नुसतं उपसून भागत नाही. येणारं सांडपाणी वळवायला लागतं.

'कळतं पण वळत नाही' मधलं 'वळणं' मला हे असं दिसतं. निश्चय म्हणजे उपसा. दिवसभराच्या असाइनमेंट आणि व्हायवानंतर रात्री तो उपसा करायची ताकद कोणातच फार उरत नाही. त्यात माणूस कमकुवत आहे असं काही नसतं. सवयीला खाऊ पुरवणारा प्रवाह चालूच आहे, एवढंच त्याचं कारण.

प्रवाह वळला तर काय होतं याचं सगळ्यात थक्क करणारं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. १९७१च्या सुमारास तिथे असलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळजवळ पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेलेला होता. हे सगळे घरी आल्यावर काय होणार, म्हणून सरकार हादरलं. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. परतण्यापूर्वी त्यांची तपासणी झाली होती आणि नशा उतरवूनच त्यांना पाठवलं होतं, हे खरं. तरीपण पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांपैकी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास लोक परत व्यसनाकडे वळले. ती छावणी, ती भीती, ते सोबती आणि तो सहज मिळणारा माल, सगळंच मागे राहिलं होतं. हेरॉइनसारखी गोष्ट जागा बदलल्यावर सुटू शकते, तर आपल्या मॅगीचं काय घेऊन बसलात!

हॉस्टेल नावाची फॅक्टरी

आपण घरून इथे येतो तेव्हा जागा, वेळ आणि सोबत या तिन्ही गोष्टी एका दिवसात बदलतात. सात वाजता हलवून उठवणारी आई नाही, "जेवायला बसा" ही हाक नाही. जुन्या सवयी गळून पडतात आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत नव्या तयार होतात. त्या आपण निवडत नाही, विंगमध्ये जे चालतं ते आपल्याला चिकटतं.

नेहमीची साखळी बघा. रात्री बारा वाजता कटिंग. चहा-कॉफीतलं निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे पाचलाही त्यातलं निम्मं अंगात असतं. कॅफीन झोप 'घालवत' नाही, मेंदूला थकव्याचा निरोप पोचवणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. निरोप पोचला नाही, म्हणजे थकवा गेला असं नाही. मग तीनला आडवं होणं, हातात मोबाइल, साडेतीन. सकाळी पळापळ, नाश्ता हुकला. अकरा वाजता पोटात कावळे, म्हणून वडापाव आणि कोल्ड्रिंक. ३०० मिलीच्या एका कोल्याच्या कॅनमध्ये साधारण ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ चमचे. आपण चहात आठ चमचे साखर घातली तर लोक वेड्यात काढतील! दुपारच्या लेक्चरला डुलक्या, संध्याकाळी दोन तास गाढ झोप, आणि रात्री बारा वाजता परत टक्क जागे. परत कटिंग.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "मला पाच-सहा तास झोप पुरते." २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ४८ निरोगी माणसांवर झालेला अभ्यास काय सांगतो बघा. १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचं लक्ष आणि स्मरण इतकं घसरलं, की ते जवळपास दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतकं झालं. आणि भीतीदायक भाग पुढे आहे. आपण इतके घसरलोय हे त्यांना स्वतःला फारसं कळतच नव्हतं! म्हणजे इथे 'कळतं पण वळत नाही' सुद्धा नाही, कळतही नाही. मीटरच बिघडलेला असल्यावर रीडिंग काय घेणार?

वर दिलेल्या साखळीत सहा-सात वाईट सवयी दिसतात, पण प्रत्येकीशी वेगळी कुस्ती खेळायची गरज नाही. बहुतेक एकीतून दुसरी येते. बाराचा चहा दहावर आणला किंवा संध्याकाळची दोन तासांची झोप वीस मिनिटांवर आणली, तर खालच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सैल होतात. प्रवाहाच्या वरच्या टोकाला एकच दगड सरकवायचा.

मग करायचं काय?

१. आधी मोजा. एक आठवडा काहीही बदलू नका. नको असलेली सवय घडली की फक्त पाच गोष्टी टिपा : किती वाजले, कुठे होतो, सोबत कोण, मन कसं होतं, आणि लगेच आधी काय केलं. प्रयोगशाळेत आपण आधी रीडिंग घेतो, मग सर्किटला हात लावतो ना, तसंच. सात दिवसांत एखादी गोष्ट परत परत दिसायला लागते. ती तुमची खूण.

२. बक्षीस ओळखा. टपरीवर जाण्यात नक्की काय मिळतं? चहा, की स्क्रीनपासून सुटका, की मित्रांशी दहा मिनिटं गप्पा? अनेकांच्या बाबतीत उत्तर गप्पा असतं. मग गप्पा सोडू नका, फक्त हातातली गोष्ट बदला. टपरीऐवजी तलावाच्या बाजूने एक चक्कर मारा. खूण तीच, बक्षीस तेच, मधली कृती वेगळी. मोकळी जागा सोडली तर जुनी सवय परत येऊन बसते.

३. अंतर बदला. आपला २००३चा तंबाखू कायदा सांगतो, की शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायचे नाहीत. १०० यार्ड म्हणजे जेमतेम ९१ मीटर. "एवढ्याने काय होतं? ज्याला पाहिजे तो जाईल की चालत!" असं वाटतं. पण सवय आळशी असते, आणि या कायद्यात नेमका त्या आळसाचा उपयोग केलाय. आपणही करू. फोनचा चार्जर पलंगापासून लांब, टेबलाच्या पलीकडे लावा. बिस्किटांचे पुडे रूममध्ये साठवू नका, खायचं असेल तर खाली जाऊन एकच आणा. उलट, चांगल्या गोष्टी जवळ आणा. शूज दाराशी, पाण्याची बाटली टेबलावर, केळी डोळ्यांसमोर. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी कारखान्यांसाठी 'पोका-योके' ही कल्पना रुजवली. कामगाराला 'चूक करू नकोस' असं ओरडून सांगण्याऐवजी, चूक करताच येऊ नये असा साचा बनवायचा. तसा आपल्या रूमचा साचा बनवा.

४. 'जर-तर' लिहा. वर सांगितलेल्या ९१ टक्क्यांचं गुपित हेच. 'मी व्यायाम करीन' हे वाक्य कच्चं आहे. 'मंगळवारी लॅब सुटली की पावणेसहाला लॅबमधूनच थेट ग्राउंडवर जाईन, रूमवर जाणार नाही' हे पक्कं. प्रोग्रॅममध्ये अट न लिहिता नुसती इच्छा लिहिली तर तो चालेल का? मोहाच्या वेळेसाठीही एक ओळ लिहून ठेवा : 'जर कोणी सिगरेट पुढे केली, तर मी म्हणेन, मी ओढत नाही, आणि पाणी प्यायला उठेन.'

५. रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळं. काका, तुमची झोपेची वेळ तुमच्या हातात नाही. पण ड्यूटीच्या शेवटच्या काही तासांत चहा टाळणं, घरी गेल्यावर खोलीत अंधार करणं आणि रात्रीचा डबा शक्य तेवढ्या ठरलेल्या वेळी खाणं, एवढं नक्की जमू शकतं. आणि ऑफिसात दिवसभर बसणाऱ्यांनी फोन वाजला की उभं राहून बोलायचं. फोन हीच तुमची खूण!

किती दिवस लागतात?

'२१ दिवसांत सवय बदला' हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. याचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात असं त्याने नोंदवलं होतं. पुढे लोकांनी 'किमान' हा शब्द गाळला, चेहराही गाळला आणि २१ तेवढे ठेवले!

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर मोजणी केली. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट निवडली, कोणी जेवणासोबत फळ, कोणी पाणी, कोणी संध्याकाळचं धावणं. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा आला ६६ दिवस. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा हिशोब २५४ दिवसांवर गेला. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर रुजते, व्यायाम वेळ घेतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही.

हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवं. बहुतेक संकल्प चुकण्याने मोडत नाहीत, चुकल्यानंतरच्या "आता गेलंच सगळं" या विचाराने मोडतात. एका रात्री तीन वाजेपर्यंत जागलात? ठीक आहे, सबमिशन होतं. दुसऱ्या रात्री परत ठरलेल्या वेळी आडवे व्हा. एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन नकोत, एवढा नियम पुरे. आणि ६६ दिवस म्हणजे एका सेमच्या आत बसणारा आकडा आहे, हेही बघा.

एकट्याचं काम नाही

डॉ. बंगांनी ज्यांच्या कामाचा अभ्यास केला त्या डीन ऑर्निश या अमेरिकन डॉक्टरांचा प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. हृदयरोग्यांना अतिशय कमी चरबीचा शाकाहार, चालणं, ध्यान, सिगरेट बंद, आणि एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या नियमित बैठका, असा तो कार्यक्रम होता. वर्षभराने त्यातल्या ८२ टक्के रुग्णांच्या रक्तवाहिन्यांमधला अडथळा थोडा का होईना मागे सरकताना दिसला. आहार आणि व्यायाम सगळ्यांच्या लक्षात राहतो, त्या बैठका मात्र आपण विसरतो.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचं पाठबळ होतं. तिथे दाखल झालेला माणूस गटात बसून बोलतो, घरच्यांनाही उपचारात सामील केलं जातं, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा चालू राहतो. कारण तो परत जाणार असतो त्याच गल्लीत, त्याच गुत्त्यासमोरून. जागा बदलता येत नसेल तर निदान सोबत बदलायची, हे तिथलं शहाणपण आहे. आणि आयुष्यभराची शपथ घ्यायची नाही, फक्त आजचा दिवस सांभाळायचा, हे व्यसनमुक्तीच्या गटांमधलं जुनं सूत्र. आयुष्यभर बटाटावडा नाही, या विचारानेच माणूस अर्धमेला होतो हो! आज नाही, हे झेपतं.

आपल्याकडे तर विंग तयारच आहे. जी विंग रात्री दीडला भुर्जी खायला खाली नेते, तीच विंग सकाळी सातला बॅडमिंटनला नेऊ शकते. एकाला सांगा, फार तर दोघांना. दारावर कागद चिकटवण्यापेक्षा रूममेटला "मी बारानंतर चहा घेणार नाही, मला विचारू नकोस" एवढं सांगणं जास्त उपयोगी. आणि मित्राने असं सांगितलं तर त्याला "अरे एक घे, काय होतंय" म्हणून ओढू नका. ही खरी मैत्री, बाकी सगळे फोटो!

सवय की व्यसन?

शेवटी एक गंभीर गोष्ट. सगळंच रूमची मांडणी बदलून सुटत नाही. तंबाखूतलं निकोटिन मेंदूत काही सेकंदांत पोचतं आणि शरीराला त्याची गरज लावतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण जातात. चिडचिड, डोकेदुखी, लक्ष न लागणं, हे काही आठवड्यांत कमी होत जातं. तलफ काही मिनिटांची असते, तेवढी टळली की ओसरते. म्हणून सोडायची तारीख परीक्षेच्या आठवड्यात धरू नका, सुट्टीच्या सुरुवातीला धरा. आणि हे फक्त सिगरेटचं नाही. महाराष्ट्रात २०१६-१७च्या पाहणीत २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते, आणि त्यात बहुतेक खाण्याचा तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मळलेली चिमूट अजून अनेक खिशांत आहे. तोंडाचा कर्करोग तिथूनच येतो.

मात्र सोडण्यात केवढा फायदा आहे, तेही ऐका. ब्रिटनमध्ये ३४ हजारांहून जास्त डॉक्टरांचा १९५१ पासून ५० वर्षं पाठपुरावा झाला. सिगरेट साठाव्या वर्षी सोडली तर आयुष्याची सुमारे ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९ आणि तिशीत सोडली तर १०, म्हणजे जवळजवळ सगळं नुकसान टळतं. विशीत असलेल्या आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे : दार अजून सताड उघडं आहे. आणि मेसमधल्या पन्नाशीच्या काकांसाठीही ते बंद झालेलं नाही. मदत पाहिजे असेल तर सरकारची मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल डॉक्टरांशी बोला, त्यात कमीपणा काही नाही.

तसंच, झोप न लागणं, जेवण नकोसं होणं, कशातच मन न लागणं हे आठवडे-आठवडे चाललं असेल, तर त्याला 'वाईट सवय' म्हणून स्वतःला कोसू नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानसचा नंबर १४४१६. शेजारच्या खोलीत कोणी असं गप्प गप्प झालं असेल, तर हा नंबर देण्याआधी दार वाजवून आत जा आणि जरा वेळ बसा.

बाकी आपल्या रोजच्या खोडींसाठी एवढंच, की या आठवड्यात एकच सवय निवडा. सगळ्यात मोठी नको, सगळ्यात वरच्या टोकाची निवडा. वहीच्या मागच्या पानावर पाच रकाने आखा : वेळ, जागा, सोबत, मन, आधीची गोष्ट. सात दिवस नुसतं टिपा. आठव्या दिवशी त्यातली एकच गोष्ट वळवा. थेंबे थेंबे तळे साचतं तसं ते थेंबे थेंबे स्वच्छही होतं. आजीची ती पहिली म्हण खोटी ठरवायला एक सेम पुरेल असं मला तरी वाटतं. बघा, जमतंय का!